शाळेच्या संघासमोर अख्खा देश? अमेरिकेतल्या नाताळच्या बास्केटबॉल स्पर्धा समजून घेताना

नाताळच्या चार दिवस आधी बहिणीचा व्हॉट्सअॅपवर एक फोटो आला. तिच्या मुलाच्या शाळेत, जिमच्या दाराला चिकटपट्टीने लावलेला कागद. त्यावर आठ चौकटी आणि त्यांना जोडणाऱ्या रेघा. सात चौकटींत शाळांची नावं होती. आठव्या चौकटीत चक्क एका देशाचं नाव आणि पुढे ‘अंडर-१८’. फोटोखाली भाच्याचा निरोप होता, “मामा, आम्ही एका देशाशी खेळणार? हे कसं काय चालतं?”

भाचा अमेरिकेत दहावीत शिकतो आणि शाळेच्या संघात बाकावर बसणाऱ्यांपैकी आहे. मी इकडे वीस वर्षं सिमेंटच्या मैदानावर शाळकरी मुलांना बास्केटबॉल शिकवतोय. त्याचा प्रश्न भाबडा वाटला तरी बरोबर होता. असा विचार करा, मुंबईत १६ वर्षांखालच्या शाळकरी मुलांची हॅरिस शील्ड ही क्रिकेट स्पर्धा चालू आहे, एका बाजूला एखादी शाळा आणि दुसऱ्या बाजूला श्रीलंकेचा कुमार संघ. आपण म्हणू, छापताना काहीतरी चूक झाली असणार. अमेरिकेतल्या शालेय बास्केटबॉलमध्ये मात्र असा कागद लागला तर ती चूक नसते. त्याला फोनवर जे तुकड्यातुकड्यांत सांगितलं, ते इथे सलग लिहितो आहे, कारण इकडच्या पालकांनीही मला हेच प्रश्न विचारले.

सुट्टीतली स्पर्धा म्हणजे नेमकं काय?

अमेरिकेत शाळेचे खेळ ऋतूप्रमाणे वाटलेले असतात. बास्केटबॉल हिवाळ्याचा. सराव नोव्हेंबरात सुरू होतो आणि राज्य स्पर्धा साधारण मार्चपर्यंत संपतात. बरोबर मध्ये नाताळची सुट्टी येते. वर्ग बंद, पण जिम रिकामी आणि संघ तयार. मग नाताळच्या आगेमागे, मुख्यतः २६ डिसेंबर ते नववर्ष या दिवसांत, देशभर शेकडो छोट्यामोठ्या स्पर्धा होतात. यांनाच ‘हॉलिडे टूर्नामेंट’ म्हणतात. राज्य विजेतेपदाशी त्यांचा थेट संबंध नसतो. या आमंत्रणाच्या स्पर्धा. यजमान ज्याला बोलावेल तो येतो. पाहुण्या संघाला दार उघडतं ते इथेच.

ही जुनी चाल आहे. इलिनॉय राज्यातल्या पॉन्टिॲक या छोट्या शहरातली स्पर्धा १९२६ पासूनची, आणि नाताळच्या स्पर्धांमध्ये देशातली सर्वांत जुनी म्हणून ती ओळखली जाते. फ्लोरिडातल्या फोर्ट मायर्सची ‘सिटी ऑफ पाम्स क्लासिक’ १९७३ पासून आहे. साउथ कॅरोलायनातल्या मर्टल बीचची ‘बीच बॉल क्लासिक’ १९८१ पासून. एनबीए या अमेरिकेतल्या व्यावसायिक लीगमध्ये पुढे गाजलेला कोबी ब्रायंट शाळकरी असताना, १९९५ च्या डिसेंबरात, तिथे लोअर मेरियन शाळेकडून खेळला होता. मर्टल बीच हे समुद्रकिनारी सुट्टीचं ठिकाण. उन्हाळ्यात पाय ठेवायला जागा नसते आणि डिसेंबरात खोल्या रिकाम्या. पावसाळ्यातलं महाबळेश्वर डोळ्यांपुढे आणा. सोळा संघ, त्यांचे पालक, आजी-आजोबा चार रात्री मुक्कामाला आले तर गावाला हवेच असतात.

आणि हा खेळच मुळात नाताळच्या आठवड्यातला. २१ डिसेंबर १८९१ रोजी मॅसॅच्युसेट्समधल्या स्प्रिंगफील्डला जेम्स नायस्मिथ या शिक्षकाने बाहेरच्या थंडीत कंटाळलेल्या अठरा विद्यार्थ्यांना जिममध्ये नऊ-नऊच्या दोन गटांत उभं केलं, पीचच्या दोन टोपल्या वर टांगल्या आणि तेरा नियम भिंतीवर लावले. त्या दिवशी एकच बास्केट झाली. नायस्मिथ स्वतः कॅनडात जन्मलेला. त्या अठरांमध्ये गेन्झाबुरो इशिकावा नावाचा एक जपानी विद्यार्थीही होता. म्हणजे जगातल्या पहिल्या बास्केटबॉल सामन्यातच परदेशचा पाहुणा खेळला होता. मला ही गोष्ट फार आवडते आणि प्रत्येक नव्या तुकडीला मी ती सांगतो.

आठ चौकटींचा तो कागद

त्या कागदाला ‘ब्रॅकेट’ म्हणतात. आपण ‘ड्रॉ’ म्हणतो, पुढे तोच शब्द वापरतो.

आपल्याला बाद पद्धत पाठ आहे. आठ संघ, हरला तो घरी, एकूण सात सामने. चार संघ एकच सामना खेळून परत जातात. सुट्टीतल्या स्पर्धेत हे चालत नाही. दोनशे मैलांवरून बस करून आलेला संघ बत्तीस मिनिटं खेळून परत कसा जाईल? म्हणून इथे ड्रॉ दोन्ही बाजूंना पसरतो. पहिल्या दिवशी जिंकलेले चार संघ उजव्या बाजूला जातात, हरलेले चार डाव्या बाजूला. डावीकडे हरलेल्यांचे आपसात सामने होतात आणि पाचवा, सहावा, सातवा, आठवा असे क्रमांकही खेळूनच ठरतात. आपल्या राष्ट्रीय स्पर्धांत यांनाच क्लासिफिकेशनचे सामने म्हणतात.

हिशेब सोपा आहे. रोज चार सामने, तीन दिवस, एकूण बारा. प्रत्येक संघाला तीन सामने, पहिल्याला तीन आणि आठव्यालाही तीन. सोळा संघ असतील तर चार दिवस, बत्तीस सामने, प्रत्येकाला चार. परदेशातून संघ बोलवायचा तर हे सर्वांत महत्त्वाचं. समुद्र ओलांडून आलेल्या बारा मुलांना तीन-चार सामन्यांची खात्री हवी. बाद पद्धतीच्या स्पर्धेला कुठला देश येईल?

दुसरी गोष्ट डावीकडच्या बाजूची. पहिल्या दिवशी हरलेला संघ दुसऱ्या दिवशी आपल्यासारख्याच हरलेल्या संघाशी खेळतो. म्हणजे दुसऱ्या दिवसापासून जोड आपोआप तुल्यबळ व्हायला लागते. कुस्तीच्या फडात वस्ताद जोड लावतो, तसं इथे ड्रॉ जोड लावत जातो.

पण देश कशाला येतो? आणि शाळा कशाला बोलावते?

यजमानाचं कारण उघड आहे. गावातल्या माणसाने आपल्या शाळेला शेजारच्या शाळेशी शंभरदा खेळताना पाहिलंय. पाहुणा देश आला की जिम भरते. तिकिटं, पॉपकॉर्न, स्थानिक दुकानांच्या जाहिराती यांतून शाळेच्या क्रीडा निधीत चार पैसे पडतात. शिवाय आपल्या मुलांना वेगळ्या पद्धतीचा खेळ अंगावर घ्यायला मिळतो.

पाहुण्याचं कारण जास्त खोलातलं आहे. कुमार राष्ट्रीय संघाची खरी अडचण असते ती सामन्यांची. शिबिरं होतात, सराव होतो, पण अटीतटीचे सामने फारच कमी. जागतिक बास्केटबॉल महासंघ, म्हणजे फिबा, १६, १७, १८, १९ अशा वयोगटांच्या स्पर्धा घेतं, पण एका तुकडीच्या वाट्याला त्यातले थोडेच सामने येतात. नदीत न उतरता पोहणं शिकवायचा प्रकार. काही देशांनी यावर घरातच उपाय शोधला आहे. फ्रान्सने पॅरिसच्या इन्सेप या राष्ट्रीय क्रीडा केंद्रातल्या किशोरांचा संघ देशातल्या मोठ्या माणसांच्या तिसऱ्या श्रेणीच्या लीगमध्ये उतरवला. मुलं तिथे हरायची आणि शिकायची. पुढे एनबीएत गाजलेला टोनी पार्कर त्याच केंद्रात घडला. ज्यांच्याकडे अशी लीग नाही, त्यांना अमेरिकेतली नाताळची सुट्टी सोयीची पडते. आठ-दहा दिवसांत सहा-सात सामने, तेही भरलेल्या जिममध्ये.

तिसरं कारण पालकांना लगेच कळतं, ते म्हणजे कॉलेज. अमेरिकेत खेळाच्या जोरावर विद्यापीठाची शिष्यवृत्ती मिळते. कॉलेजचे प्रशिक्षक मुलांना प्रत्यक्ष पाहायला कधी जाऊ शकतात, याचे तिथे कडक नियम आहेत. पण शाळेचा हंगाम चालू असताना, जिथे चांगले संघ एकाच छपराखाली जमलेत, तिथे डोळे असतातच.

या डोळ्यांची किंमत काय असू शकते? १९९८ मध्ये सॅन अँटोनिओला अमेरिकी कुमार निवड संघाविरुद्ध जगाचा निवड संघ असा ‘हूप समिट’चा सामना झाला. जर्मनीतल्या दुसऱ्या श्रेणीच्या लीगमध्ये खेळणारा एकोणीस वर्षांचा एक उंच मुलगा त्यात उतरला आणि ३३ गुण आणि १४ रिबाउंड (हुकलेला चेंडू परत ताब्यात घेणं) करून गेला. जगाचा संघ १०४-९९ असा जिंकला. त्या मुलाचं नाव डर्क नोविट्झकी. त्याच उन्हाळ्यात एनबीएच्या निवडीत, म्हणजे संघ आळीपाळीने नवे खेळाडू निवडतात त्या ‘ड्राफ्ट’मध्ये, त्याला नववा क्रमांक मिळाला. ती शालेय स्पर्धा नव्हती, पण एका सामन्याने काय होऊ शकतं, हे त्यानंतर जगभरच्या संघटनांना कळलं.

खर्च आणि परवानगी

हे पटकन सांगतो, कारण प्रत्येक ठिकाणची व्यवस्था वेगळी असते. विमानाचा खर्च बहुधा पाहुण्यांच्या संघटनेचा किंवा पालकांचा, राहण्या-जेवणाचा भार यजमान उचलतात. अनेकदा मुलं हॉटेलऐवजी खेळाडूंच्या घरी राहतात. त्यांना मानधन मिळत नाही; हौशी खेळाडू म्हणून ती पाहुण्या व्हिसावर येतात. आणि वाटेल त्या शाळेला वाटेल तो देश बोलावता येत नाही. परदेशी संघ असला की राज्याच्या शालेय क्रीडा संघटनेची आणि अशा संघटनांच्या अमेरिकी राष्ट्रीय महासंघाची मंजुरी लागते. या सामन्यांमुळे फिबाच्या क्रमवारीत कुणी वर चढत नाही की खाली उतरत नाही. कागदोपत्री हे मैत्रीचे सामने.

नियम कुणाचे?

इथे मात्र थांबून पाहू, कारण खरी मजा आणि खरी अडचण दोन्ही इथे आहेत.

सगळ्या जगात फिबाचे नियम चालतात. अमेरिकी शाळांचं नियमांचं पुस्तक वेगळं. स्पर्धा अमेरिकेतली आणि शाळेची, म्हणजे पुस्तकही शाळेचं. सासर-माहेरच्या आमटीत जेवढा फरक असतो, तेवढा इथे असतो. पदार्थ तोच, पण पहिल्या घासाला जीभ अडखळते.

वेळेपासून सुरुवात करू. फिबाच्या सामन्यात दहा मिनिटांचे चार डाव, एकूण ४० मिनिटं. शाळेत आठ मिनिटांचे चार, एकूण ३२. राष्ट्रीय संघाची ताकद बहुतेक वेळा बाकावर असते, दहावा खेळाडूही पहिल्याच्या जवळपासचा. ४० मिनिटांत ती ताकद हळूहळू बाहेर येते आणि समोरचे दमतात. ३२ मिनिटांत शाळेचे पाच चांगले खेळाडू जवळजवळ न बदलता टिकाव धरतात.

मैदान पाहा. फिबाचं मैदान २८ मीटर लांब. शालेय मैदानाची नेहमीची लांबी ८४ फूट, म्हणजे साधारण २५.६ मीटर. तीन गुणांची रेघ फिबात ६.७५ मीटरवर, बाजूला थोडी जवळ; शाळेत १९ फूट ९ इंच, म्हणजे सुमारे ६ मीटर. पाऊण मीटरचा हा फरक पाहुण्या नेमबाजाला आधी वरदान वाटतो. पण ज्याच्या मनगटाने हजारो वेळा लांबून मारलंय, त्याचे पहिले काही चेंडू रिंगच्या मागच्या कडेला आपटून बाहेर येतात. शिवाय रेघ जवळ म्हणजे बचाव करणारेही जवळ, आत घुसायला मोकळी जागा कमी.

आता शॉट क्लॉक, म्हणजे चेंडू ताब्यात आल्यावर किती वेळात रिंगकडे मारलाच पाहिजे, ते सांगणारं घड्याळ. फिबात २४ सेकंद. अमेरिकी शाळांत हे घड्याळ प्रत्येक राज्याच्या मर्जीवर आहे. २०२२-२३ पासून राज्यांना ३५ सेकंदांचं घड्याळ लावायची मुभा मिळाली; काहींनी लावलं, काहींनी नाही. आपल्याला हे कबड्डीतून चटकन समजेल. चढाई करणाऱ्याला ३० सेकंद. त्याआधी तर घड्याळाचं काम दमच करायचा, ‘कबड्डी कबड्डी’ तुटलं की तू बाद. आता कल्पना करा, एका जिल्ह्यात दमच नाही, चढाईवाला मध्यरेषेजवळ हवं तेवढा उभा राहू शकतो. घड्याळ नसलेल्या राज्यात चार गुणांनी पुढे असलेला शाळेचा संघ शेवटची दोन मिनिटं चेंडू नुसता फिरवत ठेवू शकतो. २४ सेकंदांच्या तालावर वाढलेल्या पाहुण्यांना हे कळतच नाही. ती वाट पाहतात की आता मारतील, आणि घड्याळ संपून जातं.

चौथा फरक मी भाच्याच्या घरात घडलेल्या प्रसंगातून सांगतो. फिबात चेंडू रिंगला लागला आणि कडेवर घुटमळतोय, तर कुणीही उडी मारून त्याला आत ढकलावं किंवा बाहेर उडवावं. काटलेल्या पतंगासारखं आहे, ज्याच्या हाताला लागला त्याचा. शालेय नियमांत चेंडू रिंगवर किंवा रिंगच्या थेट वर असेपर्यंत कुणी हात लावायचा नाही. बचाव करणाऱ्याने लावला तर समोरच्याला बास्केट बहाल.

पाहुण्या संघातला एक मुलगा बहिणीच्या घरी उतरला होता. सहा फूट आठ इंच उंच. दारातल्या त्याच्या बुटांचा फोटोही तिने पाठवला होता. शेजारी भाच्याचे बूट पहिलीतल्या मुलाचे वाटावेत. पहिल्याच सामन्यात त्याने रिंगवर फिरणारा चेंडू सवयीने टोलवला. शिट्टी वाजली, शाळेला दोन गुण. तो पंचाकडे पाहत राहिला, मग आपल्या बाकाकडे. बाकावरचे प्रशिक्षक दोन्ही हातांनी ‘नाही, इथे नाही’ सांगत होते. रात्री जेवणाच्या टेबलावर भाच्याने वाटी पुढे ओढली, तिच्या काठावर लिंबू ठेवलं आणि त्याला दाखवलं, इथे असलं की हात नाही, इथून घरंगळलं की चालेल. त्या मुलाने लिंबू चारदा काठावर ठेवून पाहिलं. बहीण म्हणाली, “वरण निवलं, पण दोघं उठेनात.”

बाकीचे फरक लहान आहेत. फिबात विश्रांती, म्हणजे टाइमआउट, फक्त प्रशिक्षक मागतो. शाळेत चेंडू हातात असलेला खेळाडूही ओरडून मागू शकतो. फिबाने २०१७ मध्ये पळताना चेंडू धरण्याच्या पावलांचा नियम सैल केला, शाळांनी केलेला नाही, त्यामुळे पाहुण्यांवर पावलं जास्त झाल्याच्या शिट्ट्या वाजत राहतात. फाऊलच्या बाबतीत मात्र शाळा जगाकडे सरकल्या. २०२३-२४ पासून तिथेही प्रत्येक डावातल्या पाचव्या सांघिक फाऊलपासून दोन फ्री थ्रो मिळतात, जसे फिबात.

‘पण हे एकतर्फी नाही का होणार?’

सगळ्यात जास्त विचारला गेलेला प्रश्न. ‘देश’ म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर मोठी माणसं येतात. इथे आलेली मुलं सतरा-अठराची असतात. शाळेतली बारावीची मुलंही त्याच वयाची. फिबा जन्माच्या वर्षावरून गट पाडतं, तर अमेरिकेतली बहुतेक राज्यं शालेय वर्षाच्या सुरुवातीला एकोणीस पूर्ण झालेल्याला खेळू देत नाहीत. वयात फारसा फरक उरत नाही.

त्याहून मोठा फरक एकत्र राहण्याचा आहे. राष्ट्रीय संघ म्हणजे बारा गावांतली बारा उत्तम मुलं, शिबिरापुरती एकत्र आलेली. शाळेचा संघ म्हणजे सहावीपासून एकाच जिममध्ये वाढलेली मुलं. कोण डावीकडे वळला की कोण कुठे पळणार, हे त्यांना न पाहता कळतं. ढोल-ताशा पथकात बारा उत्कृष्ट वादक आणून उभे केले, तरी वर्षभर एकत्र वाजवलेल्या पथकाचा ठेका वेगळाच लागतो. आणि ‘शाळा’ या शब्दातही बरंच काही दडलंय. काही खासगी निवासी शाळा बास्केटबॉलसाठीच ओळखल्या जातात. व्हर्जिनियातल्या ओक हिल अकॅडमीत कार्मेलो अँथनी आणि केविन ड्युरंट हे पुढचे एनबीए तारे खेळले. अशा शाळेसमोर अनेक देशांचे कुमार संघ खरोखरच कमजोर ठरतील.

कधी कधी तर शाळा कुठली आणि देश कुठला, हेच मिसळून जातं. २०१७ मध्ये कैरोत १९ वर्षांखालच्या विश्वचषकाच्या उपांत्य सामन्यात कॅनडाने अमेरिकेला ९९-८७ असं हरवलं. एकट्या आर. जे. बॅरेटने ३८ गुण केले, आणि तो तेव्हा फ्लोरिडातल्या मॉन्टव्हर्ड अकॅडमीचा विद्यार्थी होता. अमेरिकी शाळेत घडलेल्या मुलाने अमेरिकेलाच हरवलं.

मात्र पाहुणे कोण आहेत हे नीट वाचावं, असं मी भाच्याला सांगितलं. ‘नॅशनल टीम’ लिहिलं म्हणजे विश्वचषकाला जाणारा पहिला संघ, असं समजू नये. तो दुसऱ्या फळीचा, एका वयाने लहान किंवा घडणीतला संघ असू शकतो. त्यात फसवणूक नाही. पण सामना जिंकल्यावर ‘आम्ही अमुक देशाला हरवलं’ म्हणताना एवढं भान असावं.

‘हा मुलं पळवायचा मार्ग तर नाही?’

ही शंका मला रास्त वाटते. चांगला दिसलेला मुलगा पुढच्या वर्षी अमेरिकी शाळेत दिसतो, असं घडतं. कॅमेरूनचा जोएल एम्बीड सोळाव्या वर्षी फ्लोरिडातल्या शाळेत आला आणि २०२३ मध्ये एनबीएचा सर्वोत्तम खेळाडू ठरला. कॅनडाचा शे गिल्जस-अलेक्झांडर टेनेसीतल्या शाळेत शिकला आणि २०२५ मध्ये त्याला तोच मान मिळाला. २०१८ नंतर हा मान एकाही अमेरिकेत जन्मलेल्या खेळाडूला मिळालेला नाही.

पण उद्या उठून कुणाला नेता येत नाही. एफ-१ या विद्यार्थी व्हिसावर सरकारी हायस्कूलमध्ये जास्तीत जास्त १२ महिने शिकता येतं, तेही शिक्षणाचा पूर्ण खर्च भरून. म्हणून परदेशी मुलं बहुतेक खासगी शाळांत जातात. शाळा बदलली की लगेच खेळता येईल का, याचे राज्यागणिक वेगळे नियम आहेत. तरी सोळाव्या वर्षी घर सोडलेल्या मुलाचं पुढे काय होतं, दुखापत झाली तर त्याला कोण पाहतं, हे प्रश्न नियमांनी सुटत नाहीत. पाहुण्या संघाबरोबर आलेल्या प्रशिक्षकांनी मुलांशी बोलायला येणाऱ्या प्रत्येक माणसाचं नाव लिहून ठेवावं आणि पालकांच्या मागे कुठलंही बोलणं होऊ देऊ नये, असं माझं ठाम मत आहे.

भारतातली वाटही पाहू. पंजाबातल्या बल्लो के गावचा सतनाम सिंग २०१० मध्ये फ्लोरिडातल्या आयएमजी अकॅडमीत गेला आणि २०१५ मध्ये एनबीएच्या निवडीत ५२ व्या क्रमांकावर डॅलसने त्याला घेतलं. असा निवडला गेलेला तो पहिला भारतीय. एनबीएच्या नियमित हंगामात मात्र त्याला मैदानावर उतरता आलं नाही. पालकांनी या गोष्टीचे दोन्ही भाग ऐकावेत.

‘सुट्टीत तरी मुलांना घरी बसू द्या’

हे बहिणीचंच म्हणणं होतं. २६ तारखेला सकाळी सराव, २७ ते २९ सामने. नातेवाइकांकडे जायचं राहिलं. तीन दिवसांत तीन सामने अठरा वर्षांच्या गुडघ्यांना सोपे नाहीत. यावर माझ्याकडे पूर्ण समाधान करणारं उत्तर नाही. एवढंच सांगितलं, की बाकावर बसणाऱ्या मुलांसाठी हेच दिवस सोन्याचे असतात. साखळीच्या सामन्यात चुरस असते, प्रशिक्षक बाक उघडत नाही. सुट्टीतल्या स्पर्धेत डावीकडच्या बाजूला खेळताना तो म्हणतो, चल, तू जा.

इथे मला आपली आठवण येते. आपल्याकडे १४, १७ आणि १९ वर्षांखालच्या शालेय स्पर्धा तालुका-जिल्ह्यापासून विभाग आणि राज्यापर्यंत जातात आणि खालच्या पायऱ्यांवर बाद पद्धत असते. जून ते ऑगस्ट सकाळी सहाला आलेली माझी मुलं एका दुपारी एका सामन्यात चार गुणांनी हरली, की वर्ष संपलं. बसमधून परतताना कुणी बोलत नाही. पुण्याच्या शिरीन लिमयेसारखी मुलगी भारताच्या महिला संघाची कर्णधार होते, म्हणजे मातीत कस आहेच. कमी आहेत ते सामने. दिवाळीच्या सुट्टीत आठ शाळा, दोन मैदानं, तीन दिवस आणि प्रत्येकाला तीन सामने, एवढ्यासाठी परदेशी संघ लागत नाही. लागतो तो एक मोठा कागद आणि आठ ठिकाणी केलेले फोन. यंदा मी ते फोन केले. पाच शाळा हो म्हणाल्या आहेत.

आठवी चौकट

भाच्याचा संघ पहिल्या दिवशी हरला. पाहुणेही हरले. दुसऱ्या दिवशी दोघंही जिंकले, त्यामुळे डावीकडच्या बाजूने सरकत सरकत दोघं समोरासमोर आले. पाचव्या क्रमांकाचा सामना, तिसऱ्या दिवशी सकाळी नऊ वाजता.

बहिणीने साडेसातला दोघांना पोहे केले. गाडीत मागच्या सीटवर दोघं शेजारी, एकाच्या मांडीवर शाळेची निळी पिशवी, दुसऱ्याच्या मांडीवर देशाचा झेंडा शिवलेली. कुणी फारसं बोललं नाही. जिमच्या दाराशी तो कागद अजून होता, फक्त आता सगळ्या रेघांवर पेनाने नावं भरलेली होती. दोघांनी आपापलं नाव शोधलं. मग एक डावीकडच्या खोलीत गेला, दुसरा उजवीकडच्या.

भाच्याला त्या दिवशी सहा मिनिटं मिळाली. त्यातल्या एकदा त्याचा चेंडू रिंगच्या कडेवर बसून हलत राहिला, आणि सहा फूट आठ इंचाचा तो मुलगा खाली उभा राहून, दोन्ही हात पाठीमागे धरून, वर पाहत होता.